नळदुर्गचा पाणीमहाल आणि उद्याचे संगीत

आमच्या घराण्याचे कुलदैवत तुळजापूरची भवानी. घरी मंगलकार्य निघाले म्हणजे देवीचे दर्शन घ्यावयाचे व तिचा गोंधळ घालावयाचा, हा कुलाचार आमच्या आजोबांच्याही आजोबांपासून चालत आलेला. थोरल्या बंधूंच्या कन्येचा विवाह माघात ठरला, तेव्हा 'मार्गशीर्षातच जाऊन येऊ, पुढे माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही,' असे मातुःश्रींनी सांगितले, आणि डिसेंबर २०२५ मधील एका पहाटे आम्ही पुणे सोडले. मातुःश्री, थोरले बंधू (यांस आम्ही घरात दादा म्हणतो), वहिनी, त्यांचा मुलगा, आमची कन्या आणि आम्ही, अशी सहा माणसे भाड्याच्या मोटारीत बसलो होतो.

प्रवासास निघताना दोन गोष्टी आमच्या मनावर ओझ्यासारख्या होत्या. त्या वाचकांस आरंभीच सांगितलेल्या बऱ्या. पहिली अशी की, विवाहाच्या दिवशी गोंधळ ध्वनिमुद्रित लावावा असे दादांनी ठरवून टाकले होते. कार्यालय तासांच्या हिशेबाने मिळते, गोंधळी मंडळींस पुण्यास आणणे दगदगीचे, तेव्हा ध्वनिवर्धकावर अर्ध्या तासात विधी उरकावा, हा त्यांचा विचार. मातुःश्रींनी त्यास विरोध केला नाही. 'मग तुळजापुरास तरी एकदा माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे,' एवढेच त्या म्हणाल्या. दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. आमच्या पुतण्याने संगणकाच्या कंपनीतील चांगली नोकरी वर्षापूर्वी सोडली होती. चित्रपटांचे पार्श्वसंगीत व ध्वनिसंयोजन शिकण्याचे वेड त्याने घेतले होते, आणि मित्रांच्या साह्याने एक विज्ञानकथा केवळ श्राव्य रूपात उभी करण्याची त्याची खटपट चालली होती. दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. ज्याचे माप घेता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. नोकरी सुटल्यापासून पितापुत्र एका पंगतीस जेवत, परंतु 'आमटी' आणि 'पुरे' या दोन शब्दांपलीकडे त्यांचे संभाषण जात नसे.

भिगवणपाशी उजनीच्या जलाशयाचे पाणी दिसू लागले तोवर मागील आसनावर वाद पेटला होता. आमची कन्या पदार्थविज्ञान शिकते. तिलाही विज्ञानपटांचे वेड आहेच. परंतु भावाचा आणि तिचा पक्ष एक नव्हे. दोघेही डेनी व्हिलनव्ह या दिग्दर्शकाच्या 'ड्यून'च्या तिसऱ्या भागाची वाट पाहत होती. त्याच्या प्रदर्शनासाठी डिसेंबर २०२६ हा महिना जाहीर झालेला. म्हणजे चित्रपट यावयास एक वर्ष अवकाश होता. पण त्यात संगीत कसे असेल, कोणती वाद्ये वाजतील, यावर या दोघांचे वर्षभर आधीच हातघाईवर आले होते. न पाहिलेल्या लग्नातील जेवणावळीची चर्चा करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. न रचलेल्या संगीताची चर्चा मात्र प्रथमच ऐकत होतो.

खरे सांगावयाचे तर आमची पिढी गाण्यांवर पोसलेली. चित्रपटाचे संगीत म्हणजे त्यातील गाणी, हीच आमची समजूत. या मुलांस गाण्यांशी कर्तव्य नव्हते. ज्या संगीताला शब्द नाहीत, जे चालू असता आपण काही ऐकत आहो हेही प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही, त्याविषयी ती बोलत होती. इंदापूर येईपर्यंत आम्ही वर्तमानपत्रात डोके घालून बसलो. पुढे मात्र ते बाजूला ठेवून ऐकू लागलो. त्या दोघांच्या तोंडून त्या दिवशी जे कळले त्याचा सारांश येथे देतो.

जे जग कोणी पाहिलेलेच नाही त्याचा आवाज कसा द्यावा, ही विज्ञानपटांपुढील जुनी अडचण आहे. १९५१ साली 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' या चित्रपटास संगीत देताना बर्नार्ड हरमन यांनी थेरेमिन नावाचे वाद्य घेतले. या वाद्यास हात लावावा लागत नाही. हात हवेत पुढेमागे केला की स्वर चढतो-उतरतो. पाहुणा परग्रहावरचा, म्हणून वाद्यही अस्पर्श! १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये लुई व बेबे बॅरन या दांपत्याने वाद्ये मुळीच घेतली नाहीत. विद्युन्मंडले जोडून त्यांतून निघालेले आवाज वापरले. १९६८ साली स्टॅन्ली क्युब्रिक यांनी '२००१ : अ स्पेस ओडिसी'साठी ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून संगीत रचून घेतले, आणि मग ते सगळे बाजूस ठेवून योहान स्ट्राउस प्रभृतींच्या तयार रचना वापरल्या. अवकाशयान फिरते ते व्हिएन्नाच्या नृत्यसंगीताच्या तालावर. आणि काही प्रसंगी तर अंतराळवीराच्या श्वासाखेरीज दुसरा आवाजच नाही.

येथे आम्हांस राहवले नाही. आम्ही म्हणालो, 'याचे एवढे कौतुक कशाला? १९३७ साली प्रभातच्या "कुंकू"त शांताराम बापूंनी हेच केले. त्या चित्रपटास पार्श्वसंगीत नाही. पडद्यावरील प्रसंगात जो आवाज संभवतो तोच ऐकू येतो. त्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरचे घड्याळ आठवा!' पुतण्याने मान डोलावली. 'काका, ते आम्हांला ठाऊक आहे. आमच्या वर्गात तो चित्रपट आवाजासाठी दाखवतात.' आमच्या तारुण्यात आम्ही तो केवळ कथेसाठी पाहिला होता, हे आम्ही बोललो नाही.

आता वादाचा मुद्दा. आमची कन्या जॉन विल्यम्स यांच्या पक्षाची. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये ग्रह नवे, प्राणी नवे, शस्त्रे नवी. पण संगीत मात्र जुन्या घाटाचे, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजविलेले. तिचे म्हणणे, डोळ्यांपुढे सर्व अनोळखी असता कानाला तरी ओळखीचा आधार हवा. नाहीतर माणूस त्या जगात शिरणारच नाही. पुतण्या हान्स झिमर यांचा भक्त. दूरच्या ग्रहावर, हजारो वर्षांनंतरही युरोपातील व्हायोलिन आणि कर्णेच का वाजावेत, हा झिमर यांचा प्रश्न. म्हणून २०२१ च्या 'ड्यून'साठी त्यांनी वादकांकडून नवी वाद्ये घडवून घेतली, मानवी कंठास वाद्यासारखे राबविले, आणि त्या संगीतास २०२२ मध्ये ऑस्करही मिळाले. 'नवे जग, तर नवा आवाज!' पुतण्या म्हणाला. 'मग तुझ्याच झिमरने "इंटरस्टेलर"मध्ये लंडनच्या टेंपल चर्चमधला ऑर्गन का घेतला? ते चर्च तर बाराव्या शतकातले!' कन्येने पकडले.

त्यावर पुतण्याने जी हकीकत सांगितली ती आम्हांस विसरता आली नाही. २०१४ च्या त्या चित्रपटाआधी दिग्दर्शक नोलन यांनी झिमर यांस एक टंकलिखित पान दिले. त्यात अवकाशाचा, यानाचा, कृष्णविवराचा उल्लेखही नव्हता. एक बाप आणि त्याचे मूल यांची गोष्ट तेवढी होती. 'एका दिवसात काय सुचते ते रचून द्या,' अशी विनंती. झिमर यांनी रचले, आणि ते ऐकविल्यावर नोलन यांनी चित्रपटाचा खरा, अफाट विषय सांगितला. साऱ्या विश्वाचा पसारा त्या लहानशा रचनेवर उभा राहिला.

पुतण्या हे बहिणीस सांगत होता. पण पुढच्या आसनावर दादांची मान किंचित वळलेली आम्हांस दिसली. ते काही बोलले नाहीत.

मातुःश्रींस आम्ही झोप लागली असे समजत होतो. त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, 'हाच का रे तो, आपल्या रामायणाला संगीत देणारा?' मुले चकित झाली. नितेश तिवारी यांच्या 'रामायण' चित्रपटाचे संगीत ए. आर. रहमान आणि झिमर या दोघांकडे सोपविल्याची बातमी २०२५ मध्ये आली होती, ती त्यांच्या ध्यानात होती. 'मग त्याला म्हणावे, वनवासाला निघताना फार वाजवू नकोस,' त्या म्हणाल्या. पुतण्याने हसत हसत ते लिहून घेतले.

टेंभुर्णी, मोहोळ मागे पडून सोलापुरास आम्ही दुपारी जेवलो आणि हैदराबादच्या रस्त्यास लागलो. तुळजापुरास जाण्यास सोलापुराहून नीट रस्ता आहे. परंतु दादांना नळदुर्गचे धरण दाखवावयाचे होते, म्हणून ही वाकडी वाट. नळदुर्ग धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात येते. आमचा मोटारचालक याच जिल्ह्यातला तरुण. इतका वेळ तो निमूटपणे मोटार चालवीत होता. आता आपल्या मुलखात शिरल्यावर त्याला कंठ फुटला. तो म्हणाला, 'ते वाळूचं पिक्चर मी बी बघितलंय साहेब, हिंदीतून. तिथं पाण्यासाठी माणूस माणसाला मारतंय, घाम सुद्धा गाळून पितेत. पुण्यातल्या दोस्ताला ती गंमत वाटली. मला नाही वाटली.'

आम्ही कारण विचारले. त्याने लातूरच्या पाण्याच्या आगगाडीची आठवण दिली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून शेजारच्या लातूर शहरास आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांस स्मरत असेलच. तो तेव्हा लातुरास मामाकडे शिकत होता. घागर घेऊन रांगेत उभा असे. 'आणि औंदा बघा,' तो बाहेर हात दाखवीत म्हणाला. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यावर अतिवृष्टीचे संकट कोसळले होते. परंडा, भूम या तालुक्यांत नद्यांनी शेतांतली माती खरवडून नेली. त्याच्या मेहुण्याच्या रानात पिकाबरोबर जमीनही गेली होती. खाली मुरूम उघडा पडला होता. 'आमच्यात दोन्ही पिक्चर चालत्यात साहेब. वाळूचं बी, आन् पुराचं बी.'

मागील आसनावर बराच वेळ कोणी बोलले नाही. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही कादंबरी १९६५ सालची. ती पुष्कळांनी कल्पित म्हणून वाचली असेल. पण पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवणारा तो ग्रह कोणाला समजावा लागत नाही असे काही मुलूख पृथ्वीवर आहेत. धाराशिव त्यांपैकी एक.

नळदुर्गचा किल्ला बोरी नदीच्या काठी आहे. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा लहान किल्ला यांना जोडणारे दगडी धरण नदीत बांधले आहे, आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, हे काम झाले. मीर इमादीन हा त्याचा स्थपती. मातुःश्री व वहिनी वर सावलीत बसल्या. आम्ही चौघे पायऱ्या उतरून धरणाच्या भिंतीत शिरलो.

दादांस इतके प्रसन्न आम्ही वर्षभरात पाहिले नव्हते. भिंतीवर हात ठेवून ते मुलांस सांगू लागले. अडविलेल्या नदीचा सारा रेटा एका बाजूने या दगडांवर येतो. पूर आला म्हणजे जादा पाणी कोठून तरी वाहून गेलेच पाहिजे. ते वाटेल तेथून वाहू दिले तर भिंतच नेईल. म्हणून वर दोन वाटा ठेवल्या. त्यांस लोक 'नर' आणि 'मादी' म्हणतात. पावसाळ्यात या दोन वाटांनी पाण्याचे प्रचंड लोट खाली कोसळतात, महालाच्या सज्जापुढे पाण्याचा पडदा उभा राहतो, आणि आत बसलेला मनुष्य कोरडा. आम्ही गेलो तेव्हा सांडवे बंद होते. पाठीशी साठलेले पाणी, पुढे खोल दरी, आणि मध्ये त्या लहानशा थंडगार दालनात आम्ही. कन्येने एकच टाळी वाजविली. ती घुमटाखालून फिरून पुन्हा आमच्याकडे आली. पुतण्या भिंतीस कान लावून उभा राहिला.

काही वेळाने त्याने, किती तरी महिन्यांनी, वडिलांस प्रश्न विचारला. 'बाबा, हा महाल काढून टाकला, तर धरण उभे राहील?'

'राहील. किंबहुना अधिक भक्कम राहील. भिंतीत पोकळी ठेवणे म्हणजे धोका पत्करणेच.'

'मग ज्याला हे सगळे गणित येत होते, त्याने तो धोका का पत्करला?'

दादांनी तोंड उघडले आणि मिटले. अभियंत्यास उत्तर येऊ नये असा प्रश्न त्यांस क्वचितच कोणी विचारला असेल. त्या क्षणी आमच्या मनात एक जुनी वाचलेली गोष्ट आली, ती आम्ही सांगितली. हा दुसरा इब्राहिम स्वतः संगीताचा मोठा भोक्ता होता. दख्खनीत त्याने 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह रचला. त्याच्या आवडत्या तंबुऱ्यास तर त्याने 'मोतीखान' असे नाव ठेवले होते. अशा राजाच्या काळात धरण बांधताना, पुराचा आवाज आतून कसा ऐकू येईल, असे कोणाच्या मनात आले असेल तर नवल नाही. हा अर्थात आमचा तर्क. शिलालेखात तसे काही नाही.

परंतु त्या दालनात उभे असता सकाळपासूनचा वाद आम्हांस एकाएकी उमगला. पूर हा भयंकर असतो. काठावर उभ्या असलेल्या माणसास तो पाहवत नाही. तो पळत सुटतो. तोच पूर पाणीमहालाच्या गवाक्षातून पाहिला तर त्याचे रौद्र रूप तेवढेच राहते, पण पाहणारा पळत नाही. बसून राहतो, आणि पुराविषयी काही समजून घेतो. उद्याच्या जगाच्या ज्या कथा ही मुले पाहतात, त्या अशाच पुरासारख्या आहेत. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही, यंत्रे माणसास भारी झाली, पाणी संपले. हे सर्व उघड्यावर पाहवणार नाही. संगीत हे त्या कथेच्या भिंतीत कोरलेले दालन. कथा त्याच्यावाचून उभी राहील. परंतु तिच्यात बसता येणार नाही. पुतण्याच्या वेडास आजवर आम्ही जो शब्द वापरीत होतो, तो 'वेड' हा शब्द, आम्ही त्या पायऱ्या चढताना मनातल्या मनात मागे घेतला.

संध्याकाळी तुळजापुरास पोहोचलो. बालाघाटाच्या उतारावरील या मंदिरात पायऱ्या उतरून खाली जावे लागते. गोमुख तीर्थावर पाय धुऊन, कल्लोळ तीर्थास नमस्कार करून दर्शन घेतले. मातुःश्रींस दोघा नातवंडांनी दोन्ही बाजूंनी धरले होते. रात्री आमच्या परंपरागत पुजाऱ्यांच्या वाड्यात गोंधळ मांडला. ज्वारीच्या ताटांचा मांडव, खाली धान्याचा चौक, कलश, शेजारी पेटती दिवटी. गोंधळी तिघे. एक वृद्ध, गळ्यात कवड्यांची माळ. त्याचा मुलगा तुणतुण्यावर. आणि सोळा-सतरा वर्षांचा नातू, त्याच्या कमरेस संबळ.

संबळ म्हणजे दोन लहान नगारे एकत्र बांधलेले. एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा खर्जाचा. काठ्या दोन, त्यांतील एक टोकाशी वाकलेली. त्या पोराने पहिली काठी टाकली मात्र, आमची कन्या दचकून सरळ बसली. त्या चौकोनी वाड्यात तो आवाज भिंतीवरून भिंतीवर जाऊ लागला. वृद्ध गोंधळी एकेका गावच्या दैवताचे नाव घेऊन त्यास गोंधळास बोलावीत होता. ही गावे जवळची, दूरची, डोंगरावरची, समुद्राकाठची. प्रत्येक नावासरशी मातुःश्रींचे ओठ हलत होते. त्यांना तो क्रम पाठ होता. पुढचे नाव गोंधळ्याच्या आधी त्यांच्या ओठांवर येई.

मध्यंतरी कन्या आमच्या कानाशी लागून म्हणाली, 'बाबा, खरे सांगू? मला हा आवाज परग्रहावरचा वाटतो. असे काही मी कधी समोर बसून ऐकलेच नव्हते.'

तिने हे कौतुकानेच म्हटले. आमच्या मात्र काळजात चर्र झाले. तिच्या शेजारीच तिची आजी बसली होती. जो आवाज आजीस माहेरच्या हाकेइतका ओळखीचा, तोच नातीस दुसऱ्या ग्रहावरचा! मध्ये अंतर किती? पुरते दीड हात. सकाळी मोटारीत मुले भांडत होती की अनोळखी जगास ओळखीचे संगीत हवे की अनोळखी. आम्हांस तेव्हा सुचले नाही ते आता दिसले: ओळखीचे संगीत आपोआप ओळखीचे राहत नाही. कोणी तरी ते घरात वाजवीत ठेवावे लागते. आमच्या लग्नात गोंधळ रात्रभर झाला होता. कन्येच्या बारशास आम्ही तो टाळला. भाचीच्या लग्नात ध्वनिमुद्रित लावला. अशा तीनच पायऱ्यांत एक आवाज घरातून अंतराळात गेला. तो कोणी नेला नाही. आम्हीच सोडून दिला.

गोंधळ संपल्यावर पुतण्या वृद्ध गोंधळ्याजवळ जाऊन बसला. आपल्या श्राव्य कथेसाठी संबळाचे ध्वनिमुद्रण करू द्याल का, असे त्याने विनयाने विचारले. त्याच्या कथेत शेकडो वर्षांनंतर एक यान पृथ्वीवर परत येते, आणि येथे कोणी उरले आहे की काय हे खालून येणाऱ्या एका तालावरून त्यांस कळते. तो ताल कोणता, हे त्याला इतके दिवस सुचत नव्हते. म्हाताऱ्याने ही सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

'घ्या की,' तो म्हणाला. 'आभाळात न्या, कुठं बी न्या. आमचं नाव तेवढं घाला. पर एक सांगतो मालक. डब्यात घेतलेलं लग्नात लावू नका. मग आमच्या पोरानं वाजवायचं कुठं?'

दादा पाठीमागे उभे होते. त्यांनी पागोट्याकडे पाहिले, पोराच्या हातातील वाकड्या काठीकडे पाहिले, आणि खिशातून आपली जुनी टिपणवही काढली. 'माघात तुम्हांला पुण्यास यावयास जमेल काय?' त्यांनी विचारले. 'तिघांचे जाण्यायेण्याचे भाडे आमच्याकडे. कार्यालयवाल्याशी वेळेचे मी बोलेन.' मातुःश्री काही बोलल्या नाहीत. वहिनींस म्हणाल्या, 'दिवटीत तेल घाल, विझत आली आहे.'

दुसऱ्या दिवशी परतताना धाराशिव शहरावरून गेलो. जानेवारी २०२० मध्ये याच शहरी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे मराठी साहित्य संमेलन भरले होते; आणि त्यानंतरच्या, २०२१ च्या नाशिक संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर निवडून आले, म्हणजे विज्ञानकथेस प्रथमच तो मान मिळाला, ही आठवण आम्ही काढली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने धाडली होती, आपल्या नावाचा भार परीक्षकांवर पडू नये म्हणून. ते २० मे २०२५ रोजी निवर्तले. मराठीत कृष्णविवरावर कथा लिहिली जाऊन अर्धशतक लोटले. तिचा आवाज कसा असावा, हे मात्र आमच्या चित्रपटांनी अजून फारसे शोधलेले नाही. अजय-अतुल यांनी 'जोगवा'त देवीच्या भक्तांचे लोकसंगीत रुपेरी पडद्यावर आणून राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. पुढे 'सैराट'साठी त्यांनी पाश्चात्य वाद्यमेळ अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केला, आणि तो ज्या करमाळ्याच्या मातीवर वाजला ते करमाळे येथून, परंड्याच्या सीमेपलीकडेच आहे. गावची माती आणि जगाचा वाद्यमेळ एकत्र नांदू शकतात, हे तर त्यांनी दाखवून दिलेच आहे. आता संबळ अवकाशात जावयाचा तेवढा राहिला आहे.

बार्शीच्या रस्त्यास लागल्यावर दादांनी मान न वळविता मुलास म्हटले, 'एक ध्यानात ठेव. ज्याने पाणीमहाल बांधला, त्याला आधी धरण बांधता येत होते.'

'होय बाबा.'

'तुझे धरण कोठवर आले आहे?'

पुतण्याने जरा घुटमळून कानात घालावयाची ती लहान यंत्रे वडिलांच्या हाती दिली. दादांना ती नीट बसेनात. मुलाने पुढे वाकून बसवून दिली. बार्शी येईपर्यंत दादा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी यंत्रे काढून म्हणाले, 'मधला भाग लांबला आहे.' पुतण्या म्हणाला, 'मलाही तसेच वाटते.'

माघात विवाह झाला. कार्यालयात संबळ तासभर वाजला. लग्नास आलेली लहान मुले प्रथम कानांवर हात ठेवून, मग हात काढून, मग अगदी पुढे येऊन बसली. पुतण्याची कथा अद्याप पुरी झालेली नाही, नोकरीही त्याने पुन्हा धरलेली नाही, आणि दादांची काळजी मिटली आहे असे म्हणता येणार नाही. पण पंगतीस बसले म्हणजे आता 'आमटी' आणि 'पुरे' यांच्या मध्ये ते एक वाक्य अधिक बोलतात. 'तो मधला भाग कापलास का रे?' असे विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत हातातला घास तसाच धरून ठेवतात.